चेक इंजिनचा दिवा लागला तर : नव्या गाडीमालकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कधीतरी एका सकाळी मीटरमधला इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाल्यावरही विझत नाही. गाडी मात्र नेहमीसारखी चालत असते, आवाज बदललेला नसतो, पिकअपही तोच असतो. त्यामुळे काही जण महिनोन्‌महिने त्या दिव्याकडे काणाडोळा करतात, तर काही जण त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठून समोर येईल त्या एस्टिमेटवर सही करतात. दोन्ही गोष्टी महाग पडतात. हा लेख पहिल्यांदाच गाडी घेतलेल्या, बॉनेट उघडायलाही बिचकणाऱ्या वाचकासाठी आहे. त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे : ज्या बिघाडाचे निदान झालेले नाही, त्याच्या दुरुस्तीचे पैसे देऊ नयेत.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

हा दिवा इंजिनाच्या काळजीपोटी आलेला नाही, धुराच्या कायद्यातून आला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःच्या धूरनियंत्रण यंत्रणेवर लक्ष ठेवणे सक्तीचे केले आणि १९९६ पासून त्याची सुधारित आवृत्ती, म्हणजे ओबीडी-२, त्या देशात सर्व नव्या मोटारींना लागू झाली. आपल्याकडे याचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. म्हणून २०१३ नंतर बनलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याच्या आसपास, सोळा पिनांचे एक सॉकेट सापडते. पुढे सांगितलेली बहुतेक कामे त्या सॉकेटवर अवलंबून आहेत.

गाडीतला संगणक, ज्याला मेकॅनिक ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात, निरनिराळ्या सेन्सरांकडून येणारे आकडे सतत पडताळून पाहतो आणि धूर मर्यादेबाहेर जाईल असा बिघाड दिसला की एक कोड साठवून दिवा लावतो. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. गाडी उत्तम चालत असूनही दिवा लागू शकतो, कारण बिघाड फक्त धुराशी संबंधित असेल. उलट ब्रेक, क्लच, सस्पेन्शन यांतल्या गंभीर बिघाडांची या दिव्याला खबरही नसते, म्हणून दिवा बंद आहे याचा अर्थ गाडी ठणठणीत आहे असा होत नाही. बरेचसे बिघाड सलग दोन फेऱ्यांत, म्हणजे गाडी सुरू करून चालवून बंद करण्याच्या दोन खेपांत, दिसल्यावरच दिवा लागतो, त्यामुळे आज दिसलेल्या दिव्याचे कारण कालपरवाच्या प्रवासात असू शकते.

पहिली पायरी : रंग आणि लुकलुक पाहावी

दिवा पिवळा किंवा नारिंगी असून स्थिर असेल, गाडी झटके देत नसेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. घरी किंवा ओळखीच्या गॅरेजपर्यंत शांतपणे जाता येते. मात्र ही मुभा काही दिवसांची आहे, काही महिन्यांची नाही.

तोच दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी आहे. लुकलुक म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, ज्याला आपले मेकॅनिक गाडी ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि त्या उष्णतेने आतली सच्छिद्र, मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो, म्हणूनच हा भाग गाडीतल्या सर्वांत महाग भागांपैकी एक आहे. दोनशे रुपयांच्या प्लगचा बिघाड तसाच दामटल्यामुळे अर्ध्या लाखाचा होतो तो असा. म्हणून दिवा लुकलुकू लागला की ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा, घाट चढू नये, सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि गाडी टोचन करून न्यावी. गाडी ऑटोमॅटिक असेल तर पुढची चाके जमिनीवर ठेवून ती ओढू देऊ नये, सपाट ट्रकवर चढवून नेणारी गाडी मागवावी. विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची सोय असेल तर तिचा क्रमांक आधीच फोनमध्ये साठवलेला असावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावरही मदत मागता येते.

लाल दिवे या चर्चेत येत नाहीत. तेलाच्या किटलीचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करावे. तिथे ‘पुढच्या चौकापर्यंत जाऊ’ हा विचारही करू नये.

दुसरी पायरी : गॅरेजला जाण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

डॉक्टरकडे जाताना आपण आधी काय खाल्ले ते आठवतो, तसेच गाडीच्या बाबतीत करावे आणि उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. दिवा लागण्याच्या आदल्या दिवशी पेट्रोल भरले होते का, आणि ते नेहमीच्याच पंपावर का? इंजिन प्रेशरने धुऊन घेतले होते का? गाडी साचलेल्या पाण्यातून नेली होती का? नुकतीच सर्व्हिसिंग झाली आहे का? या शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण एअर फिल्टर बदलताना डब्याची क्लिप नीट न बसणे किंवा एखादा सेन्सरचा सॉकेट सैल राहणे हे फार वेळा घडते आणि ते दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

त्यानंतर बॉनेट उघडून पाच मिनिटे नुसते पाहावे. तुटलेली नळी, निघालेला सॉकेट, बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी पूड, आणि काळ्या काळ्या लेंड्या. शेवटची खूण उंदरांची. पुण्यामुंबईच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, उंदीर गरम इंजिनावर येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात, हे कोणताही अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल. तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या, जाळी असे उपाय लोक करतात. जाळीखेरीज इतरांवर माझा फारसा विश्वास नाही.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ पाहून अनेक जण ‘पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा, दिवा जाईल’ असा सल्ला देतात. तिकडच्या नियमांनुसार गाडीला टाकीतून होणारी वाफेची गळतीही तपासावी लागते, म्हणून सैल झाकणाने तिथे दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या धर्तीवर बेतलेले आहेत आणि इथल्या बहुतेक गाड्यांत ही तपासणी नसते. झाकण घट्ट करायला हरकत नाही, पण त्यावर आठवडा घालवू नये.

आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा मोह टाळावा. तसे केल्याने दिवा विझतो, पण त्याबरोबर साठवलेला कोड आणि बिघाडाच्या क्षणीची नोंद, म्हणजे वेग, इंजिनाचे फेरे, तापमान वगैरे, हेही पुसले जाते. मेकॅनिकच्या हातातला सर्वांत मोलाचा पुरावा आपणच नष्ट केलेला असतो.

तिसरी पायरी : कोड वाचावा

सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन साधारण पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळतो आणि फोनवरच्या ॲपने तो चालतो. आयफोन असेल तर वाय-फायवर किंवा ब्लूटूथच्या नव्या, कमी ऊर्जेच्या प्रकारावर चालणारा स्कॅनर घ्यावा, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचे स्वस्त स्कॅनर आयफोनला जोडले जात नाहीत. चावी ‘ऑन’ करून, इंजिन बंद ठेवून, स्कॅनर लावावा. कोड दिसताच त्या पडद्याचा फोटो काढावा, बिघाडाच्या क्षणीची नोंद उघडून तिचाही फोटो काढावा आणि ‘क्लिअर’ हे बटण दाबू नये. काम झाल्यावर स्कॅनर काढून ठेवावा, कारण काही स्वस्त स्कॅनर लावून ठेवल्यास उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

स्कॅनर घ्यायचा नसेल तर गॅरेजमध्ये काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत घेऊन कोड वाचून देतात. जिथे स्कॅनिंग फुकट करतात तिथे त्याची भरपाई पुढे कशातून होते, हे नीट पाहावे.

चौथी पायरी : कोडचा अर्थ लावावा

कोड एक अक्षर आणि चार आकड्यांचा असतो. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘सी’ म्हणजे चाके-ब्रेकांची यंत्रणा आणि ‘यू’ म्हणजे संगणकांमधले आपसांतले दळणवळण. अक्षरानंतर शून्य असेल तर सहसा तो सर्व कंपन्यांना समान असलेला कोड, आणि एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, ज्याचा अर्थ सामान्य ॲप चुकीचा सांगू शकते. एकदम पाच-सात असंबद्ध कोड आले असतील, त्यातही ‘यू’चे जास्त असतील, तर सर्वांत आधी बॅटरी आणि अर्थिंगची वायर तपासून घ्यावी. जुनी बॅटरी सकाळी स्टार्टर फिरवताना इतकी खाली जाते की संगणक गोंधळतात, आणि गाडीवाला मात्र सेन्सर बदलत बसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोड हे लक्षणाचे नाव आहे, रोगाचे नाही. ताप आहे एवढे थर्मामीटर सांगतो, मलेरिया की डेंगी हे रक्त तपासल्यावर कळते. नेहमी भेटणारे काही कोड घेऊन हे स्पष्ट करतो.

पी-०३०० म्हणजे मिसिंग, पण कोणत्या सिलिंडरमध्ये ते निश्चित नाही. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी-०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असे पुढे. समजा पी-०३०२ आला. ठिणगी पाडणारा प्लग, त्याला वीज पुरवणारी इग्निशन कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, वायर किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, यांपैकी काहीही कारण असू शकते. यावर जुन्या मेकॅनिकांची एक सोपी, बिनखर्चाची पद्धत आहे : दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि गाडी फिरवून यायची. आता कोड पी-०३०३ झाला तर दोष कॉइलचा, तोच राहिला तर कॉइल निर्दोष. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत हे दहा मिनिटांचे काम आहे. हे न करता चारही कॉइल बदलायला सांगणाऱ्या माणसाला ‘अदलाबदल करून पाहिली का?’ एवढाच प्रश्न विचारावा.

पी-०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. हा कोड आल्यावर धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, बदलण्याची घाई होते, पण सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली असेल, त्यानंतरच्या एखाद्या नळीला भेग पडून न मोजलेली हवा आत जात असेल किंवा पेट्रोलचा पंप-फिल्टर थकला असेल. हवेच्या सेन्सरसाठी खास स्प्रे मिळतो, तो मारून पाहणे हा पहिला उपाय. कापडाने किंवा टूथब्रशने तो पुसू नये, कारण आतली तार केसापेक्षाही नाजूक असते.

पी-०४२० हा खिशाला सर्वांत घाबरवणारा कोड. ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी’ असा त्याचा अर्थ असल्यामुळे एस्टिमेटवर थेट नवा कन्व्हर्टर येतो. संगणक हा निष्कर्ष कसा काढतो ते समजून घेतले तर भीती निम्मी होते. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. आधीच्याचे आकडे सतत वरखाली होतात, नंतरच्याचे जवळपास स्थिर राहिले पाहिजेत. दोन्ही सारखेच नाचू लागले की संगणक कन्व्हर्टरला दोष देतो. पण सायलेन्सरच्या जोडावर गळती असली, मागचा सेन्सर बिघडला असला किंवा इंजिन मिसिंग मारत असले, तरी असेच चित्र दिसू शकते. आणि कन्व्हर्टर खरोखर गेला असेल, तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवणे व्यर्थ आहे, कारण तेल जाळणारे किंवा मिसिंग मारणारे इंजिन नव्याचीही तीच गत करते.

पी-०१२८ म्हणजे इंजिन पुरेसे तापत नाही. बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची वाट उघडबंद करणारी झडप, उघडा अडकलेला असतो किंवा कूलंट कमी असतो. धोका लगेच नाही, पण पेट्रोल जास्त जाते.

सीएनजी आणि डिझेल गाड्यांबद्दल

महाराष्ट्रातल्या शहरांत सीएनजी गाड्या इतक्या वाढल्या आहेत की त्यांचा वेगळा विचार करावा लागतो. दिवा फक्त सीएनजीवर असताना लागतो की पेट्रोलवरही, हे पाहण्यासाठी दोन-तीन दिवस गाडी केवळ पेट्रोलवर चालवावी. फक्त सीएनजीवर लागत असेल तर संशय किटच्या फिल्टर, गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, इंजेक्टर आणि ट्यूनिंगकडे वळतो. सीएनजी पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून अशा गाडीत प्लग लवकर झिजतात आणि पेट्रोलवर नीट चालणारी गाडी गॅसवर मिसिंग मारू लागते. किट बाहेरून बसवलेले असेल तर आरसी पुस्तकात त्याची नोंद आणि दर तीन वर्षांनी होणारी टाकीची दाबचाचणी या दोन गोष्टी त्याच वेळी तपासून घ्याव्यात.

डिझेलमध्ये, विशेषतः एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत, काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला सायलेन्सरमध्ये सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागते आणि ते रोजच्या चार किलोमीटरच्या फेरीत गाठले जात नाही. फिल्टरचा स्वतंत्र दिवा लागला असेल तर मोकळ्या रस्त्यावर, पुस्तिकेत सांगितलेल्या वेगाने, सहसा ताशी साठच्या वर, पंधरा-वीस मिनिटे गाडी न थांबता चालवावी. बऱ्याचदा एवढ्याने काम होते. तसे न करता दुर्लक्ष केले तर गाडीची ताकद कमी होते, चेक इंजिनचा दिवाही लागतो आणि मग सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र लावून सफाई करावी लागते. ज्याचे सगळे फिरणे शाळा, भाजी आणि ऑफिस एवढेच आहे, त्याने डिझेल गाडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा फिल्टर कापून काढून देणारे लोकही सर्वत्र भेटतात. ते बेकायदा आहे, आणि अशी गाडी विकताना किंवा तपासणीत अडचणीत आणते.

पाचवी पायरी : गॅरेज निवडावे आणि बोलावे

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच आधी न्यावी आणि बाहेर कोणालाही वायर कापू देऊ नये, कारण जोडलेली वायर दाखवून वॉरंटी नाकारली जाऊ शकते. वॉरंटी संपलेली असेल तर नेहमीच्या सर्व्हिसिंगसाठी कोणतेही चांगले गॅरेज चालते, पण या दिव्यासाठी मल्टिमीटर, म्हणजे वीज मोजण्याचे यंत्र, हातात धरणारा ऑटो इलेक्ट्रिशियन शोधावा.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. ऑगस्टमध्ये कोकणातून परतल्यावर माझ्या सहा वर्षांच्या पेट्रोल गाडीचा दिवा लागला. कोड पी-०१३५, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा. सर्व्हिस सेंटरने नवा सेन्सर आणि जोडीला थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाची, सफाई असे मिळून अकरा हजारांच्या वरचे एस्टिमेट दिले. हीटरचा रेझिस्टन्स मोजला का, असे विचारल्यावर ‘सर, मशीननेच दाखवलंय’ असे उत्तर आले. मी गाडी परत आणली. आमच्या भागातल्या इलेक्ट्रिशियनने सेन्सरचा सॉकेट काढून हीटर मोजला, तो पाच-सहा ओहम, म्हणजे व्यवस्थित होता. मग त्याने सॉकेटमध्ये येणारा करंट तपासला, तो येतच नव्हता. अर्ध्या तासात त्याला वायरिंगच्या जाड नळीखाली कुरतडलेली वायर सापडली. बिल झाले नऊशे रुपये. सर्व्हिस सेंटरवाले खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी कोडला रोग समजले, एवढेच.

म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर ‘चेक इंजिनचा दिवा घालवा’ असे सांगू नये. ‘दिव्याचे कारण शोधा, कशावरून सापडले ते सांगा, मग काय बदलायचे ते ठरवू’ असे सांगावे आणि जॉब कार्डवर तेच लिहून घ्यावे. निदानाची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती आनंदाने द्यावी. ज्या माणसाला शोधण्याचे पैसे मिळत नाहीत, त्याला पार्ट विकूनच पोट भरावे लागते. शिवाय फोनवर विचारल्याशिवाय कोणतेही जादा काम करू नये आणि बदललेला जुना पार्ट परत द्यावा, या दोन अटी कार्डवर असाव्यात.

खर्चाचा अंदाज

गाडीगणिक आकडे खूप बदलतात, त्यामुळे पुढचे आकडे माझ्या आणि ओळखीच्यांच्या बिलांवरून, लहान-मध्यम गाड्यांसाठी, ढोबळमानाने दिले आहेत. साधा प्लग दीड-दोनशेला, इरिडियमचा पाचशे ते हजारला एक. इग्निशन कॉइल हजार ते तीन हजार. हवेच्या सेन्सरची सफाई काहीशे रुपयांत होते. ऑक्सिजन सेन्सर तीन ते दहा हजार. थर्मोस्टॅट मजुरीसह दोन ते पाच हजार. कन्व्हर्टर मात्र तीस हजारांपासून सुरू होतो आणि मोठ्या गाड्यांत लाखाच्या पुढे जातो. वायरिंगच्या कामात पार्ट स्वस्त, वेळ महाग.

सेन्सर आणि प्लग बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. बॉश, डेन्सो, एनजीके यांचाच माल गाडीच्या कंपनीच्या खोक्यात घालून जास्त किमतीला मिळतो. पार्टवरचा क्रमांक जुळवून तोच माल बनवणाऱ्याच्या खोक्यातला घेतला तर पैसे वाचतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असे पार्ट शोधता येतात, पण नकली मालही तिथेच असतो. म्हणून पक्के बिल देणारे दुकान पाहावे आणि जुना वापरलेला सेन्सर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

बिल हातात आल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सर्व स्पेअर पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी अनेक पार्टवर तो २८ टक्के होता. मजुरीवरही नोंदणीकृत गॅरेज १८ टक्केच लावते. दुसरे, खोक्यावरच्या एमआरपीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे पार्टची मूळ किंमत आणि कर यांची बेरीज एमआरपीच्या वर गेली असेल तर तिथेच बोट ठेवावे.

विम्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या मोटार पॉलिसीत येत नाहीत. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी ओढले गेले तर तो खर्चही इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतले नसेल तर सहसा नाकारला जातो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला स्टार्टर मारूच नये. उंदरांनी केलेल्या नुकसानीबाबत मात्र पॉलिसीतली अट वाचावी, काही ठिकाणी ते मिळते. तरी नऊशे रुपयांसाठी नो क्लेम बोनस घालवणे परवडणारे नाही.

सहावी पायरी : दुरुस्तीनंतरची पडताळणी

गॅरेजमधून निघताना दिवा बंद असतो, कारण कोड पुसलेला असतो. तो बरा झाला की झाकला हे पुढच्या आठवड्यात कळते. स्कॅनर असेल तर ॲपमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडीने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्या ते दाखवणाऱ्या नोंदी, पाहाव्यात. कोड पुसल्यावर हे सगळे ‘अपूर्ण’ दाखवतात आणि गार इंजिन सुरू करून, थोडे शहरात, थोडे मोकळ्या रस्त्यावर असे चार-पाच दिवस फिरल्यावर एकेक करून पूर्ण होतात. सगळे पूर्ण झाले आणि कोड परत आला नाही, तरच काम झाले असे समजावे. कोणी कोड न पुसता नुसती दुरुस्ती केली असेल तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

हीच युक्ती जुनी गाडी विकत घेताना उपयोगी पडते. चावी ‘ऑन’ केल्यावर हा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. लागला नाही तर तो बिघडलेला आहे किंवा कोणीतरी मुद्दाम बंद केला आहे. आणि सगळे मॉनिटर अपूर्ण असतील तर कोड कालपरवाच पुसलेला आहे, त्यामुळे आठवडाभराने परत येऊन पाहतो असे विक्रेत्याला सांगावे. त्याचा चेहरा पुष्कळ काही सांगतो. पीयूसी प्रमाणपत्रावर मात्र या बाबतीत विसंबू नये. तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात, मीटरमधल्या दिव्याकडे सहसा कोणी पाहत नाही, त्यामुळे दिवा लागलेल्या गाडीलाही पीयूसी मिळू शकते. तरीही पीयूसीची मुदत चुकवू नये, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड दहा हजारांपर्यंत जातो.

वाद झालाच तर

पार्ट बदलूनही तोच कोड परत आला, तर आधी त्याच गॅरेजला लेखी कळवावे, व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर, आणि सोबत पहिल्या व नव्या कोडचे फोटो पाठवावेत. दुरुस्तीआधी काढलेला फोटो इथे उपयोगी येतो, कारण ‘हा नवीन बिघाड आहे’ या उत्तराला दुसरा प्रतिवाद नसतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्या टप्प्यावर बरेच वाद मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावे लागते, म्हणून जॉब कार्ड, एस्टिमेट, बिल, कोडचे फोटो आणि परत घेतलेला जुना पार्ट तोपर्यंत एका पिशवीत जपून ठेवावा.